सरपंचाचं आवार

भरतेश बिरनाळेचं कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ग्रिलचं वर्कशॉप आहे. सांगलीत कुणाच्या गॅलरीला कमळाची नक्षी दिसली, तर ती त्याचीच समजावी. फक्त तसं त्याला बोलून दाखवू नये. तो भर रस्त्यात थांबवून वेल्डिंगचा एकेक सांधा समजावत बसतो आणि आपल्या पिशवीतली मेथी माना टाकते. सुरेखाला बघायला गेला तेव्हा म्हणे त्यानं आधी सासऱ्याच्या खिडकीचे गज हलवून पाहिले आणि मग मुलीकडं पाहिलं. सुरेखा हे अजून नाकारत नाही.

घरात तिसरी त्याची आई, सुंदरी. अख्खी गल्ली तिला अक्का म्हणते. आणि चौथा सरपंच.

सरपंच म्हणजे कासव. जमिनीवर राहणारं, आफ्रिकेकडच्या जातीचं, चांगलं परातीएवढं. भरतेशच्या पुण्यातल्या मामेभावानं रीतसर नोंद करून पाळलेलं. तो परदेशी गेला आणि कागदपत्रांसकट कासव सांगलीला आलं. सकाळी ऊन पडलं की ते मान लांब करून अंगणभर फिरायचं, ज्याच्या त्याच्या कामापाशी घटकाभर थांबायचं, आणि काहीही न करता पुढं जायचं. सरपंच हे नाव गल्लीनंच ठेवलं.

अक्का त्याला गवत आणि जास्वंदीची पानं घालायची. दिवस मावळल्यावर खायचं नाही हा जैनाघरचा नेम, आणि सरपंचही दिवस मावळला की कशाला तोंड लावत नसे. "ह्या घरात नेम पाळणारं एवढं एकच हाय," असं अक्का म्हणाली की भरतेश पंख्याकडं बघायचा. सूर्यास्तानंतर त्याची मोटारसायकल कुठल्या वडापावच्या गाड्यापाशी उभी असते, हे गल्लीला माहीत आहे. अक्काला माहीत नाही, असं फक्त भरतेशला वाटतं.

दिवाळीनंतर दोन भटकी कुत्री फाटकाच्या फटीतून आत शिरली. सुरेखा धावत येईपर्यंत त्यांनी सरपंचाला उताणं केलं होतं आणि पाठीची कड चावून काढली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी जखम धुतली, औषध लावलं आणि बजावलं, की पुन्हा असं झालं तर हातात काही राहणार नाही.

त्या दिवसापासून अक्का काठी घेऊन अंगणात बसली. देवळात जायची ती सरपंच जागा व्हायच्या आत. तिकडं कोरेगावला लेकीच्या घरी नात बाळंतपणाला आलेली. पहिलं पणतवंड. लेकीचा रोज फोन. अक्काचं रोजचं उत्तर एकच, "येते की. ह्याची सोय लागू दे."

"मी हाय की घरात," सुरेखा म्हणायची.

"तू हाईस गं. पर तुला सैपाक हाय, धुणं हाय, फोन हाय."

'फोन' ह्या शब्दावर अक्कानं जरा जोर दिला होता, हे सुरेखाला कळलं.

हे प्रकरण भरतेशनं मनावर घेतलं. आईनं पणतवंडाचं तोंड बघायला जायचं, तर सरपंचाला कुत्र्यांपासून सुरक्षित असं आवार पाहिजे. आणि आवार म्हटल्यावर त्याच्यासारखा माणूस काय करणार? ग्रिल.

वर्कशॉपमधली गिऱ्हाइकांची कामं बाजूला पडली. चौकोनी पाईप कापले, अँगलची चौकट जोडली, चारी बाजूंना कमळं, वर कडीकोयंड्याची जाळी. रेड ऑक्साईडवर काळा रंग आणि पाकळ्यांना सोनेरी. टेंपोतून ते धूड उतरलं तेव्हा शेजारचा जोतीराम चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"गड्या, आतमधी कोण ऱ्हाणार हाय? सरपंच का आमदार?"

"आधी काम बघ, मग बोल."

"काम झ्याक हाय. माझ्या पोरीच्या लग्नाला स्टेज म्हणून दे."

सरपंचाला आत सोडलं. तो सरळ चालत निघाला आणि गजांवर धडकला. मागं सरला, परत धडकला. समोर जास्वंद दिसत होती, अक्काचा उंबरा दिसत होता, मग थांबायचं कशासाठी, असा त्याचा हिशेब असावा. दिवसभर तो एकाच जागी ढकलत राहिला. संध्याकाळी बघितलं तर नाकाचा शेंडा सोलवटलेला.

"सवय हुईल," भरतेश म्हणाला.

सवय झाली ती उकरायची. गज हटत नाहीत म्हटल्यावर सरपंचानं कोपऱ्यात माती काढली आणि एका दुपारी अँगलच्या खाली निम्मा जाऊन अडकला. चावलेली कड नेमकी लोखंडाखाली. भरतेशला वर्कशॉपमधून बोलावून घ्यावं लागलं. त्यानं आणि जोतीरामनं चौकट उचलली, तेव्हा कुठं सुटका झाली.

 अक्कानं वरची जाळी उघडली, सरपंचाला अंगणात घेतलं आणि काठी मांडीवर ठेवून पुन्हा खुर्चीत बसली.

"अक्का, कुत्र्यापासून तर वाचलं का न्हाई?"

"वाचलं. पर जीव कोंडून घालणं हा बी दोषच हाय. प्रवचनात झोपतोस म्हणून तुला ठावं न्हाई."

"मग मोकळं सोडू?"

"मी कुठं म्हटलं मोकळं सोड? त्याला कोंडल्यागत वाटू नये, असं कर."

कोरेगावचा फोन आला तेव्हा तिनं तो उचललाच नाही. नातीला दिवस भरत आले होते. 

रविवारी तो पिंजऱ्यात शिरला आणि ओल्या मातीवर सरळ पालथा पडला. हनुवटी जमिनीला लावून, सरपंचाच्या उंचीवरून, बघत राहिला. जोतीराम कंपाउंडवर कोपर टेकून उभाच होता.

"सुरेखावैनी, ह्याला बी जास्वंद घाला की वाईच!"

भरतेशला दुसरंच काही सुचत होतं. खालून सगळं दिसत होतं. गजांच्या फटींतून जास्वंद, उंबरा, अक्काचे पाय, रस्ता. आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हेच सांगत आला होता, की आमचं ग्रिल लावा, बाहेरचं सगळं कसं स्वच्छ दिसतं. माणूस बघून गप्प बसतो. कासवाला दिसलं, की ते निघतं.

तो अंग न झटकताच उठला. "जोत्या, तुझ्या परड्यातल्या शहाबादी फरश्या कशाला ठेवल्यास?"

"न्हाणीघरासाठी."

"न्हाणीघर उन्हाळ्यात कर."

चौकटीच्या आतून कडेनं चर खणायचा होता. अक्कानं अट घातली, दिवसाउजेडी आणि खुरप्यानं. प्रत्येक गांडूळ उचलून जास्वंदीच्या आळ्यात सोडावं लागलं. जोतीराम ते काम करता करता म्हणाला, की एवढ्या मानानं त्याची सोयरिकीत कुणी पाठवणी केली नव्हती. फरश्या उभ्या, निम्म्या जमिनीत आणि निम्म्या वर. म्हणजे पलीकडचं दिसायचं नाही आणि खालून उकरताही यायचं नाही. एका बाजूला सिमेंटचा जाड पाईप मातीत आडवा पुरून बीळ केलं, वर पाचटाची सावली, मधे गवत, पाण्याला उथळ थाळी. वरची जाळी तशीच राहिली. कमळं मात्र खालून अर्धी झाकली गेली. भरतेशनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि मग मुद्दाम बघितलं नाही.

वरची जाळी उघडून सरपंचाला आत सोडलं. तो फरशीपर्यंत चालला, थांबला. तिथं जाण्यासारखं काही नव्हतं. कडेकडेनं एक फेरी मारली, गवतापाशी आला आणि खायला लागला.

अक्का खुर्ची जवळ ओढून बसली. दुपारचं झोपलीही नाही. कुत्री आली, फाटकातून वास घेतला, जाळीभोवती फिरली आणि निघून गेली. अक्कानं काठी उचलली नाही, पण सोडलीही नाही. उन्हं उतरल्यावर सरपंच आपला आपण पायपात शिरला.

दुसऱ्या दिवशीही ती तशीच बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी सुरेखा बघते, तर अक्का नवं लुगडं नेसून पिशवी भरून तयार.

"भरतेश, स्टँडावर सोड मला. आणि सांजचं येताना वडे बांधून आण, उजेड असंस्तोवर. बायकूला बी खाऊ दे."

भरतेशनं हातातल्या रुमालाची पुन्हा पुन्हा घडी घातली. जोतीराम कंपाउंडवरून हसू दाबत बघत होता. "अक्का, काठी ऱ्हायली की!"

"माझं गुडघं धड हाईत," अक्का म्हणाली. तिनं काठी वरच्या जाळीला, उरलेल्या अर्ध्या कमळापाशी अडकवली आणि मोटारसायकलवर मागं बसली.