मैल कमी, तेल काळं

ड्रायव्हर भाऊंनो, शेडच्या फळ्यावर हे आजच लिहून राहिलो.

सकाळी मरोद्याकडून जखमी फिटरले ट्रकनं दवाखान्यात नेऊन राहिलो होतो. अर्ध्या रस्त्यात ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर आला. थांबलो तर माणूस जातो, चाललो तर इंजन जाम होते. मी इंजन बंद केलं. मागून जीप येईपर्यंत त्याचा हात धरून बसलो.

नंतर मेकॅनिक वासनिकदादानं इंजनातलं तेल पाहाची डिपस्टिक काढली. तेल डांबरासारखं घट्ट.

"बदललं कावून नाही?"

"तेल बदलायचे मैल कुठं झाले, दादा?"

"सेल्फ-स्टार्टर लागत नाही म्हणून उभ्या गाडीचं इंजन दिवसभर चालू ठेवतो. मैल वाढत नाही, पण तेल जळत राहते. मैल नाही, घंटे मोज."

फिटर वाचला, पण दुसऱ्याच्या जीपनं. तुमची गाडी आज उभ्या-उभ्या किती घंटे चालली?