उपरण्याखाली ठेवलेली पै

मी उपरण्याखाली हात घातला तो भाव ऐकायला. देशमुखाने माझ्या तळहातावर पै ठेवली.

आष्टीच्या बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नसत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून सांगत. बघणाऱ्यांना काही दिसत नसे. म्हणूनच मी बैलांच्या खरेदी-विक्रीचा धंदा धरला होता. तिथे सगळेच माझ्यासारखे.

त्या दिवशी मला देशमुखाचा बैल विकत घ्यायचा होता.

"घे सूरदासा, फुटाणे खाय," तो म्हणाला. "बैल काय दिसून राह्यला तुला?"

बाजार हसला. माझ्याकडून बैल घेऊन गेलेलेही हसले. आवाज ओळखतो मी.

लहानपणी माझ्या डोळ्यांत कर्करोग झाला. बुबुळं मांजरासारखी चमकायची. हैदराबादच्या डॉक्टरने दोन्ही डोळे काढले, म्हणून जगलो. गावातल्या शहाण्यांनी आईला सांगितलं, मागच्या जन्मीचं पाप आहे, देवळाच्या पायरीवर बसव, पोट भरेल. आईने त्यांना दारातून हाकललं आणि मला मामाच्या गुरांत सोडलं. शिंगं, खूर, दात, सगळं हातांनी शिकलो. धंदा उभा केला. आणि हा देशमुख मला त्याच पायरीवर बसवायला निघाला होता. ती पै खिशात घातली असती तर बाजारात पुन्हा कुणी मला भाव सांगितला नसता.

मी पै त्याच्याच तळव्यात दाबली आणि मूठ आवळली.

"देशमुख, भीक मागायला हात घातला न्हाई. भाव सांगा."

"सोड. लोक बघून राह्यलेत."

"बघू द्या. मला कुठं दिसतेत ते?"

आता हसू त्याच्यावर फुटलं. निजामाच्या राज्यात देशमुखाचा हात धरून ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ होता. तरी सोडला नाही. अखेर त्याची घामेजलेली बोटं हलली. भाव सांगितला. वाजवी होता. बैलही मी आधीच चाचपून पाहिला होता, बिलकुल निरोगी.

मी सौदा मोडला.

"परवडत न्हाई का?" त्याने विचारलं.

"बैल परवडतो. तुम्ही न्हाई."

नुकसान झालं. होऊ दे. मला आईबापांनी नाव ठेवलं आहे. जो त्या नावाने हाक मारणार नाही, त्याच्या बैलाला मी हात लावणार नाही, मग तो देशमुख असो की त्याचा बाप. आणि दया फारच उतू जात असेल, तर ती त्याने आपल्या बैलांवर करावी.