आबांचं बियाणं

आमच्या आबांना, म्हणजे वडलांना, भाताशिवाय दुसरं काही सुचत नाही, असं थोरला भाऊ कायम म्हणायचा आणि त्यात खोटं काही नव्हतं. गडमुडशिंगीतल्या आमच्या रानात चारी बाजूंनी ऊस आणि मधे आबांचा भाताचा तुकडा. कापणीआधी ते स्वतः फिरून भरदार लोंब्या निवडायचे. त्यांचं बी फडक्यात बांधून आढ्याला टांगायचे. त्यांच्या वडलांपासून दर साली हेच बी. यंदा मात्र भावानं तोंडावर सांगितलं होतं, तांदूळ धड निघाला तर ठीक, नाहीतर तिथंही ऊस लावायचा.

मी निर्धास्त होतो. पाऊस वेळेवर झालेला, कीड नाही, पीक जोमात. फक्त दाणा भरायच्या दिवसांत रात्री गार झाल्याच नाहीत. शहरात राजारामपुरीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये पहाटेपर्यंत पंखा लावून झोपायचो आणि सकाळी शाळेत उकाड्याच्या नावानं बोटं मोडायचो. त्याच उकाड्यात आबांचं भात भरतंय, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. आणि म्हणे मास्तर!

आबा आणि मी भात घेऊन गावातल्या गिरणीत गेलो. पहिलं पोतं घातलं आणि खाली नुसती कणी पडली. माझं डोकंच फिरलं. गिरणीवाल्याला चारचौघांत नाही नाही ते बोललो. त्याचं मशीन काढलं, त्याची नियत काढली. त्यानं चिमूटभर भात तळव्यावर चोळून टरफल फुंकून टाकलं. दाणे पोटात खडूसारखे पांढरे होते. नखानं दाबले की मोडत होते.

"मास्तर, गिरणीचा दोष न्हाय," तो म्हणाला. "राती तापल्या की दाणा नीट भरत न्हाय. औंदा समद्यांचं असंच निघालंय की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिरणीवाला चोर निघाला असता तर किती बरं झालं असतं. उकाड्याशी कोण भांडणार?

आबा घरी गेले. परत आले ते काखेत आढ्याचं, यंदाच्या बियाण्याचं गाठोडं घेऊन. मी आडवा आलो, एवढं तरी राहू द्या म्हणालो. त्यांनी गाठ सोडली.

"कशाला ठिवू?" ते म्हणाले. "रात काय माझ्या हातात हाय व्हय?"

त्यांनी स्वतःच्या हातानं बी मशीनमध्ये ओतलं. निवडून निवडून ठेवलेलं ते, पण खाली कणीच पडली. ती आबांनी ओंजळीनं पोत्यात भरली. मग थोरल्याला ऊस लावायला सांग म्हणाले. मी तिथूनच फोन लावला.