राहिलेलं तिसरं इंजेक्शन

"तुमची व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आलीये," मानवतच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला सहावा महिना चालू होता. मी विचारलं, म्हणजे रक्त कमी आहे का? त्यांनी आधी उठून दार लोटलं.

व्हीडीआरएल ही रक्ताची साधी तपासणी, गरोदरपणात सगळ्यांचीच करतात. दुसऱ्या तपासणीनेही तेच सांगितलं: सिफिलिस. आपल्याकडे त्याला गरमी म्हणतात आणि बाईमाणूस तो शब्द तोंडातून काढत नाही. हा जंतूंचा आजार शरीरसंबंधातून लागतो, आईकडून पोटातल्या बाळालाही जातो. दोन महिन्यांपूर्वी माझ्या तळहातांवर तांबूस डाग आले होते. खाज नाही, आग नाही. मी कपड्याच्या पावडरीवर खापर फोडून मोकळी झाले. आणि नजर लागेल म्हणून सासूबाईंनी पाचवा महिना उलटेपर्यंत दवाखान्यात नाव घालू दिलं नव्हतं.

पेनिसिलिनची तीन इंजेक्शनं, आठवड्याला एक. मधे खंड पडला तर परत पहिल्यापासून. नवऱ्याचीही तपासणी आणि उपचार, तोवर संबंध नाही. इतकं सोपं होतं सगळं.

नवरा हार्वेस्टरवर ड्रायव्हर, वर्षातले चार महिने परमुलखात. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मला काय झालं न्हाई. मी ठणठणीत हाय." मग दोन दिवस तो नीट जेवला नाही, आणि मला सगळं कळलं. रडू आलं नाही. राग मात्र इतका आला की जेवणाचं ताट त्याच्यापुढे आदळायचे.

दोन इंजेक्शनं घेतली. सासूबाईंना सांगितलं, रक्तवाढीची आहेत. तिसऱ्याच्या आधीच सातवा लागला, ओटी भरली आणि भाऊ न्यायला आला. पहिलं बाळंतपण माहेरी, येलदरीजवळच्या गावात. तिथे दवाखान्याची फाइल लेकीच्या हातात राहत नाही, भावजय सांभाळते. निघायच्या दिवशी मी न्हाणीत गेले, फाइलीतून रिपोर्टचे कागद काढले आणि बंबात घातले.

माहेरच्या डॉक्टरांनी विचारलं, आधी काही आजार, काही उपचार? भावजय शेजारी बसलेली. मी नाही म्हणून मान हलवली.

कळा सुरू झाल्यावर परभणीला नेलं. मुलगी झाली, वजनाने कमी. तिथे माझं रक्त पुन्हा तपासलं. डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि म्हणाले, "उपचार कुठपर्यंत झाले ते खरं सांगा. बाळाचं सगळं त्यावर ठरणार आहे."

तेव्हा बोलले. उपचार अर्धवट राहिल्याने बाळाला धोका होता, हाडांना, डोळ्यांना, कानांना. दहा दिवस तिला नवजात कक्षात ठेवून शिरेतून पेनिसिलिन दिलं. तिच्या एवढ्याशा हातात शीर शोधायला वेळ लागायचा. मी काचेबाहेर उभी राहून रडायचे. मी लाज राखली ती नवऱ्याची, आणि भोगत होती लेक.

आईला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "चूक तुजी न्हाई बाई. पर बोलायचं व्हतंस."

चौथ्या दिवशी नवरा आला. मी त्याला म्हणाले, आधी रक्त तपासून इंजेक्शन घे, मग लेकीला हात लाव. हात लावल्याने हा आजार लागत नाही, मला ठाऊक होतं. तरी म्हणाले. तो तसाच रक्त तपासायला गेला. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

परवा मुलीच्या रक्ततपासणीला गेले. रांगेतच सिस्टरनी मोठ्याने विचारलं, आईला काय झालं होतं? मी म्हणाले, सिफिलिस; तळहातांवर डाग आले होते. माझे उपचार पुन्हा पहिल्यापासून पूर्ण झालेत, नवऱ्याचेही.

रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. मुलीचं रक्त देऊन मी बाकावर बसले, तर पोट पुढे आलेली एक पोरगी जवळ येऊन टेकली आणि हळूच म्हणाली, "ताई, माज्या बी हातावर तसलेच डाग हायेत. तुमी येताल का संगं, तपासून घ्यायला?"

मी मुलीला खांद्यावर घेतलं आणि उठले.