बासरीवाल्याला कोण उठवणार

त्या दिवशी मी आणि माझी बायको गच्चीवर भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो. मला कंटाळा आला म्हणून फाईफ काढली. फाईफ म्हणजे पलटणीची आडवी बासरी, सहा भोकांची. फौजेच्या बँडमध्ये मी जन्मभर तीच फुंकली. हात न धुता तोंडाला लावली आणि ओठ पेटले. बायको हसून हसून खोकायला लागली.

"अजी, पलटणीनं तुमाले वाजवाले शिकवलं, हात धुवाले नाई शिकवलं."

मग म्हणाली, आता ती पुसून ठेवा. मी हो म्हटलं आणि पुसली नाही.

जुन्या काळी म्हणे फाईफवाला फौजेच्या पुढं चालायचा, गोळ्या खायचा. मी फक्त शिव्या खाल्ल्या. माझं काम होतं पहाटे बराकीतून वाजवत जायचं आणि जवानांना उठवायचं. आता गंमत अशी, की मलाच जाग येत नसे. पहाऱ्यावरचा जवान मला लाथ घालून उठवायचा.

पेन्शनीत आलो तरी तेच. बायको पाचला उठायची, चहा ठेवायची, मला हलवायची आणि परत जाऊन चादर ओढून पडायची. मग मी वाजवायचं आणि तिनं उठायचं. एकदा विचारलं, काहून वं, तू तर जागीच असते.

"लगनापासून मीच साऱ्याइले उठवून राहिली. मले बी कोणी उठवाव म्हटलं."

त्या दुपारी मिरच्या आवरून ती जराशी लवंडली. चारला मी चहासाठी हाक मारली. मग हलवलं. मग डॉक्टरला बोलावलं. दिवस मावळायच्या आत तिला पोचवून आम्ही घाटावरून परत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी पाचला माझी मला जाग आली. आता यायला लागली. तिची चादर कोणीतरी घडी करून ठेवली होती. मी त्या चादरीपुढं उभा राहून फाईफ वाजवली, शेवटपर्यंत. शेजारीण धावत आली, सुतकात बाजा वाजवता का म्हणून. माझे डोळे पाहून बाहेरच्यांना सांगू लागली, बरं झालं, रडले एकदाचे.

"मिरची आहे बाई," मी म्हटलं. "पुसाची राहिली."

तिनं फडकं दिलं. मी त्यानं डोळे पुसले आणि फाईफ तशीच ठेवली.