घुबडाचं नाणं

हे मी मिलिंदला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, कुणालाच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही काही आमच्या घरी चहाला येणार नाही. आणि पाच वर्षं एकटीनं सांभाळून आता कंटाळा आलाय हो.

२०१४ची दिवाळी. आम्ही तेव्हा इथे परदेशात, बुकित पंजांगला राहायचो. आई — म्हणजे माझ्या सासूबाई — पुण्याहून दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. अडुसष्ट वर्षांच्या, पुण्यात एकट्या राहायच्या, ठणठणीत. आल्या त्याच आठवड्यात एलआरटीनं, म्हणजे इथल्या छोट्या मेट्रोनं, एकट्या बाजारात जाऊन कोथिंबिरीचा भाव पाडून आल्या. कुठल्या भाषेत, कोण जाणे.

माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, जुन्या ग्रीक नाण्यांचं वेड. त्यातलं एक त्याच्या जिवाचं: चांदीचं, एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना देवी, दुसऱ्या बाजूला घुबड. घुबड बघून आई म्हणाल्या, "अरे, ही तर आपली लक्ष्मीच. पूजेत ठेवू या की." मिलिंद हसला. ठेव म्हणाला, पण घासायचं नाही, पुसायचंसुद्धा नाही. देवीच्या बटांमध्ये काळपटपणा बसला होता ना, तो दोन हजार वर्षांहून जुना, त्यातच नाण्याचा जीव — असं त्यानं आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं. दोघींना. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मिलिंद तांजोंग पगारला ऑफिसात. इथली दिवाळीची एकच सुट्टी आदल्या दिवशीच संपली होती. आईंनी सकाळी चांदीची निरांजनं, वाट्या, सगळं रांगोळीनं घासून लखलखीत केलं आणि त्या फुलं आणायला खाली गेल्या. मी चौरंगावर मांडत होते. त्या उजळ भांड्यांत ते काळं नाणं कसंसंच दिसत होतं. वाटीत थोडी रांगोळी उरली होती. म्हटलं, कडेला जरासं घासून बघू. कड पांढरी झाली. मग ती तेवढीच पांढरी दिसायला लागली, म्हणून शेजारचं. मग गाल. मग — काय सांगू — थांब, थांब, असं मनात चाललेलं आणि हात चालूच. धुतलं तेव्हा बटांमधला काळेपणा गेला होता आणि देवीच्या गालावर बारीक ओरखडे उठले होते. पाच मिनिटंही लागली नाहीत.

इथपर्यंत नुसता मूर्खपणा आहे. मूर्खपणा पाच वर्षं कोण लपवतं?

संध्याकाळी मिलिंदनं नाणं उचललं, समईजवळ नेलं. मग आईंकडे बघितलं. माझ्याकडे नाही. "आई, सांगितलं होतं ना गं."

आई गोंधळल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी शंकरपाळ्यांच्या ताटलीत बघत राहिले. "मी घासलं?" त्या म्हणाल्या, "घासलं असेन बाबा. सकाळी सगळंच घासत होते."

आणि मला — लपवत नाही — हायसं वाटलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बोलले असते का मी? माहीत नाही. 'मी घासलं', एवढे दोनच तर शब्द होते.

दुसऱ्या दिवसापासून आई विचारायला लागल्या — गॅस बंद केला ना मी? किल्ली घेतली ना? एलआरटीनं एकट्या जाणं बंद झालं. मिलिंदनं काळजीनंच पुण्यातल्या धाकट्या भावाला कळवलं, की आईला स्वतः केलेलं आठवत नाही. सहा महिन्यांत त्यांचं बिऱ्हाड मोडलं आणि त्या दिरांकडे राहायला गेल्या. कोणती भांडी कुणाला द्यायची, तेव्हा फोनवर मीही सल्ले दिले. अगदी बारीकसारीक. त्या बाईंना काहीही झालेलं नव्हतं, आणि हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

आता आम्ही मरीन परेडला असतो. नाणं कपाटात आहे. मिलिंद ते काढत नाही, आणि नवीनही कधी आणलं नाही.

दर लक्ष्मीपूजनाला आईंचा व्हिडिओ कॉल येतो. फराळाचं बोलून झालं की आवाज खाली करून म्हणतात, "त्या घुबडाच्या नाण्याचं माझ्या हातून वाटोळं झालं गं. मिलिंदच्या मनात राग नाही ना?"

आणि मी म्हणते, "असू द्या, आई. होतं असं एखाद्याकडून."

यंदाही म्हटलं.