पाणसळ आणि दर्यादौलत

सावळीराम पेंटरचा हात सरळ, हे नाशकात शेंबडं पोरगंही सांगेल. भद्रकालीतल्या किराणा दुकानापासून विंचूरच्या कांद्याच्या वखारीपर्यंत त्याच्याच पाट्या. पाटी कितीही लांब असो, आधी गवंड्याची पाणसळ ठेवायची, बुडबुडा बरोबर मधोमध आला की खडूची सुतळी ताणायची, मगच ब्रश उचलायचा. "माणूस खोटं बोलंल, पाणसळ नाय बोलणार," असं तो गिऱ्हाइकाला ठासून सांगायचा. ते ऐकून ऐकून बायकोचे, लताबाईचे, कान किटले होते.

लताबाईचा थोरला भाऊ यादव रत्नागिरीला बंदराच्या कचेरीत कारकून. इस्त्रीचा शर्ट, तोलूनमापून बोलणं. आपल्या समाजातल्या माणसानं सरकारी नोकरीच धरावी, हे त्याचं ठाम मत. १९७८ च्या दिवाळीच्या सुट्टीत त्यानं दोघांना समुद्र बघायला बोलावलं आणि पहिल्याच जेवणानंतर शिपायाच्या जागेचा अर्ज पुढं सरकवला.

"दाजी, गुडघे गेल्यावर शिडी चढता येणार आहे का? करा सही."

माणूस वाईट नव्हता हो, बहिणीच्या काळजीनंच बोलत होता. पण सही केली की ब्रश संपला, हे सावळीरामला पक्कं कळत होतं. "दोन दिवस द्या, यादवभाऊ," एवढंच तो म्हणाला. लताबाई ताटं उचलून आत निघून गेली. त्याला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी यादवनं त्यांना बाजार दाखवला. लताबाई बांगड्यांचे ढीग बघून थक्क झाली. हा बाबा मात्र मान वर करून दुकानांच्या पाट्याच वाचत होता आणि कुणाचा 'र' कसा लुळा पडलाय ते बोलून दाखवत होता. बाजार संपून बंदर आलं, तिथं यादवच्या ओळखीच्या हसनमियाँची होडी वाळूवर टेकू लावून उभी होती. नवा रंग चढला होता, नाव लिहायचं बाकी होतं, आणि गावचा पेंटर तापानं फणफणला होता.

सावळीराम तिथंच यादवकडं वळला. "हे नाव मी लिहितो. चांगलं झालं तर अर्ज फाडा. बिघडलं तर सही करतो."

झालं. हसनमियाँनी होकार दिला आणि कायम खांद्याला असलेल्या पिशवीतून ब्रश निघाला, पाणसळ निघाली. होडीवर खालचा तांबडा रंग आणि वरचा निळा जिथं भेटतात तिथं एक पांढरा पट्टा होता. पाणसळीला तो वाकडा दिसत होता. 'ह्यांना पट्टासुद्धा सरळ मारता येत नाय,' असं मनाशी म्हणून त्यानं त्याच्याकडं दुर्लक्ष केलं आणि 'दर्यादौलत' अशी झोकदार अक्षरं काढली. लोक वा वा करून गेले.

संध्याकाळी भरती आली, होडी तरंगली, आणि शिरोरेषा पुढच्या बाजूला अशी घसरली की दर्यादौलत आता पाण्यात बुडी मारतेय की काय. काठावरचे सगळे पोट धरून हसले. हसनमियाँ हसले नाहीत, ते जास्त वाईट. यादवनं शांतपणे सांगितलं, "उद्या संध्याकाळी सही करू."

झोप कुठली लागायला. पहाटे लताबाईच म्हणाली, "चला, बंदरालगतच्या किल्ल्यावर जाऊन येऊ." दर बुद्धपौर्णिमेला पांडवलेणी चढणारी माणसं ती, त्यांना त्या टेकडीचं काय अप्रूप? वर गेल्यावर खाली अख्खं बंदर दिसलं. पाण्यातल्या होड्यांचे पट्टे पाण्याशी समांतर होते. वाळूवर ओढलेल्या मात्र सगळ्या पुढून वर उचललेल्या आणि त्यांचे पट्टे तिरके. सावळीराम मटकन खाली बसला.

"लता, पट्टा बरोबर होता गं. होडी उतारावर उभी होती. मी तिरक्या होडीवर सरळ रेघ मारली."

"मग बसलाय काय?" ती म्हणाली. "अक्षरं अजून ओली असतील."

हसनमियाँचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले त्यानं. "ओहोटी आहे तोवर कर," ते म्हणाले. होडी पुन्हा वाळूवर टेकली होती. लताबाईनं रॉकेलच्या बोळ्यानं जुनी अक्षरं पुसली. ह्या खेपेला पाणसळ पिशवीतच राहिली. पट्ट्यापासून वीत वीत मोजून त्यानं सुतळी ताणली. अक्षरं वाळूवरून बघताना आभाळाकडं निघाल्यासारखी दिसत होती, डोळा ओरडत होता की चुकतोयस, आणि तरी त्यानं हात हलू दिला नाही.

भरती आली तेव्हा अर्धं बंदर गोळा झालं होतं. होडी हलली, पुढचं टोक हळूहळू खाली आलं आणि दर्यादौलत पाण्यावर सरळ उभी राहिली. पट्टा, शिरोरेषा, समुद्र, तिन्ही एका ओळीत. हसनमियाँनी सावळीरामला उचलूनच घेतलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

गर्दीतून यादव पुढं आला. अर्ज हातातच होता. "दाजी, हात आहे तुमच्याकडं, मानलं. पण नोकरी ती नोकरी. एकदा विचार—"

"दादा, तो फाडायचं ठरलंय," लताबाई म्हणाली. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच ह्या विषयावर बोलत होती. मागं उभ्या असलेल्या तीन होडीवाल्यांकडं तिनं बोट दाखवलं. "आणि आमचा मुक्काम आठवडाभर वाढतोय. एवढी कामं आलीत आमच्याकडं."